जोडपत्रातला अंगठा

सरकारी मराठीतलं कोणतं वाक्य तुला सगळ्यात चांगलं लिहिता येतं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन : प्रश्न उद्भवत नाही. बावीस वर्षं मी हे वाक्य लिहीत आले आहे. भंडाऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात माझं टेबल आहे आणि विधिमंडळाचे प्रश्न त्या टेबलावर येतात. आमदारांनी विचारलेला प्रश्न मुंबईहून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून तालुक्याला जातो, तालुक्याचा अभियंता जागेवर जाऊन अहवाल देतो आणि त्या अहवालाचं उत्तर तयार करून वर पाठवायचं, हे माझं काम. अशा प्रश्नाला ऑफिसात आम्ही एलएक्यू म्हणतो. एलएक्यू आला की साहेब रजा घेत नाहीत आणि शिपाई न सांगता चहा आणतो.

या प्रश्नांचा एक साचा असतो. अमुक गावात अमुक गैरसोय आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? यात एक गंमत आहे. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असं उत्तर दिलं की खालचे सगळे भाग आपोआप गार होतात. प्रत्येकापुढे फक्त 'प्रश्न उद्भवत नाही' लिहायचं. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? नवीन आलेल्यांना मी शिकवायची, की विचारलं तेवढंच सांगा. खोटं लिहू नका, पण न विचारलेलं खरंही लिहू नका.

माझं लग्न झालं नाही. नातेवाइकांनी बरीच वर्षं विलंबाची कारणे विचारली, मग तेही थकले. भंडाऱ्यातच खात रोडकडे वरच्या मजल्यावर माझी भाड्याची खोली आहे. खाली घरमालक राहायचे, ते नवराबायको लेकाकडे पुण्याला गेले तेव्हापासून खालच्या दाराला कुलूप आहे. संध्याकाळी जिना चढून दार उघडलं की मी "आले" असं मोठ्यानं म्हणते. ही सवय कधी लागली ते आठवत नाही. दिवसभर ऑफिसात बडबड करणाऱ्या बाईला घरी आल्यावर बोलायला तो एकच शब्द उरतो, आणि तो ऐकायला कुणी नसतं.

आई गेल्यापासून बाबाही गावात एकटेच होते. आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पुढे आत गेलं की एक बोडी, म्हणजे लहान तळं, लागते, तिच्या पाळीवरून गेलं की पहिलंच घर आमचं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांना फोन करायची. बरं आहे का, जेवण करता का नीट, धान निघालं का, एवढे तीन प्रश्न. बरं हाय, करतो, निंगालं, अशी तीन उत्तरं. ठेवते म्हटलं की ते ठेव म्हणायचे. आठवड्याचं कर्तव्य झालं असं वाटून मी कपडे भिजवायला घ्यायची.

बाबांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या बरोबरीचे बहुतेक लोक कागदावर अंगठा लावायचे, बाबा सही करायचे. बंडीच्या खिशाला कायम निळा पेन. सोसायटीत, शाळेत, ग्रामसभेत कुठंही शाईचं पॅड पुढे आलं की ते बाजूला सारायचे आणि पेनाचं टोपण काढायचे. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट ओढून, खाली दोन टिंबं देऊन सही पूर्ण व्हायची. तोवर सगळ्यांना थांबावं लागायचं. मला नोकरीचा कागद आला, तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या मागं माझ्याकडून त्यांनी सही गिरवून घेतली होती. म्हणाले होते, "आंगठा कोणाचाबी लावून घेता येते, बाई. सही केली का माणूस त्या कागदात गुंतते."

गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या आधी जो गठ्ठा आला, त्यात पाण्याचा एक प्रश्न होता. पवनी तालुक्यातल्या चार गावांत घरोघरी नळ बसवूनही पाणी येत नाही, हे खरे आहे काय? चारांत तिसरं नाव आमच्या गावाचं होतं. छापील कागदावर गावाचं नाव पाहून मला आधी बरंच वाटलं. चला, कुणीतरी सभागृहात आपलं गाव उच्चारणार.

तालुक्याचा अहवाल दोन दिवसांत आला. हे खरे नाही, सर्व कुटुंबांना नळजोडणी देण्यात आली आहे, लाभार्थ्यांच्या सह्यांची यादी जोडपत्र 'ब' म्हणून सोबत जोडली आहे. जोडपत्र मी कधी वाचत नाही. ते आहे ना, पानं नीट टाचली आहेत ना, एवढंच बघते. पण या वेळी गावचे लोक सापडतील म्हणून पानं उलटली. ओळखीची नावं वाचताना मजा येत होती. मग बाबांचं नाव आलं आणि त्यापुढे निळा, पसरलेला अंगठा.

मी भडकले. कुणीतरी घरी बसून यादी भरली आणि माझ्या बापाच्या नावापुढे स्वतःचा अंगठा लावला, याबद्दल मला शंकाच उरली नाही. बुधवार होता, फोनचा वार नव्हता, तरी मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. बाबा म्हणाले, आंगठा माझाच हाय. मी विचारलं, सही काहून नाही केली?

"पेन नवता जवळ," ते म्हणाले.

बाबांकडे पेन नव्हता. हे उत्तर मी फोन ठेवल्यावर तीनदा मनात वाचलं. दुसऱ्यांची उत्तरं वाचण्यात आयुष्य गेलेलं असल्यामुळे कुठलं उत्तर प्रश्नाच्या अंगावर बसत नाही ते मला कळतं. शनिवारी पहिल्या गाडीनं मी गावाला निघाले.

घराच्या अंगणात नळ होता. कमरेएवढ्या सिमेंटच्या खांबाला चकचकीत तोटी, आणि खांबापासून दारापर्यंत बांधलेल्या दोरीवर बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा वाळत होता. तोटी फिरवली तर आतून एक बारीक कोळी बाहेर आला. बाबा घरी नव्हते. ते हातपंपावर सापडले, शाळेच्या मागं. डाव्या हातानं दांडा मारत होते आणि उजवा हात पोटाशी धरला होता. बादली अर्धीच भरून ते उचलायला वाकले, तेव्हा त्यांनी मला पाहिलं. आधी त्यांनी उजवा हात दुपट्ट्याखाली घ्यायला बघितलं, पण दुपट्टा तर घरी दोरीवर होता.

मनगट वाकडं बसलं होतं. बोटं वळत होती, मूठ होत नव्हती. श्रावणात पंपाजवळच्या शेवाळावर पाय घसरला आणि ते हातावर पडले. शेजारच्यांनी पवनीला नेऊन हाडं बसवणाऱ्याकडून बांधून आणलं, बांधलेलं सुटलं तेव्हा हात असा झाला होता. श्रावण ते मार्गशीर्ष. मी मोजलं नाही असं लिहावंसं वाटतं, पण मोजलं. सोळा रविवार.

बादली मी घरी आणली. ओट्यावर बसून मी त्यांच्यावर ओरडले, मला ते ओरडणं आजही आवडत नाही. मी दर आठवड्याला विचारत होते ना, बरं आहे का म्हणून? मग सांगितलं काहून नाही?

"तू पुसलं, बरं हाय का. म्या सांगतलं, बरं हाय," बाबा म्हणाले. "हाताचा सवाल तू केलाच नाही."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. यादी घेऊन आलेल्या माणसाबद्दलही ते तसंच शांतपणे बोलले. त्या माणसानं तोटी लागली का एवढंच विचारलं. तोटी तर लागली होती. पाणी येते का, हे त्यानं विचारलं नाही. सही करायला गेले तर पेन बोटांत ठरेना, म्हणून त्यांनी स्वतःच पॅड मागितलं. हे शेवटचं सांगताना मात्र ते बोडीकडे बघत होते. विचारलं तेवढंच सांगा, हा माझा धडा माझ्या बापाला कुणी शिकवला नव्हता. मला तिथं बसून फार लाज वाटली.

त्यांना भंडाऱ्याला चला म्हटलं. डॉक्टरला हात दाखवू आणि मग तिथंच राहा. डॉक्टरकडे यायला ते कबूल झाले. राहायचं विचारलं तर म्हणाले, "त्याचा सवालच येत नाही." मला हसू आलं आणि रडूही. माझंच वाक्य होतं ते, फक्त आमच्या झाडी बोलीतलं.

सोमवारी मी उत्तर लिहिलं. पहिल्या भागाला 'हे अंशतः खरे आहे'. नळजोडण्या दिल्या असल्या तरी तिसऱ्या गावात अद्याप पाणी सुरू झालेले नाही. त्यामुळे खालचे सगळे भाग जिवंत झाले, चौकशी, कारणं, सगळं लिहावं लागलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, तुमचं गाव आहे म्हणून का? मी म्हटलं, हो. त्यांना नाही अशी अपेक्षा असावी. 'अंशतः' त्यांनी राहू दिलं, पुढच्या चार ओळी खोडून 'तांत्रिक अडचणी दूर करण्याचे काम प्रगतिपथावर आहे' असं घातलं. नागपूरला त्या दिवशी सभागृहात गोंधळ झाला आणि प्रश्न पुकारलाच गेला नाही. उत्तर पटलावर ठेवलं, छापील पुस्तिकेत ते आहे. नळाला पाणी उन्हाळा संपताना आलं, एक दिवसाआड, आणि ते माझ्या उत्तरामुळे आलं असं मी मानत नाही.

हात मात्र पूर्ण सुधारला नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

आता रविवारचा फोन लांबतो. मी भाग पाडून विचारते. मूठ वळते काय? असल्यास, पेला धरता येतो काय? नसल्यास, भात कोणत्या हातानं जेवता? बाबांना हा खेळ आवडला आहे, ते खाकरून घसा साफ करतात आणि 'अंशता' म्हणतात. फोन ठेवल्यावर खोली पूर्वीपेक्षा जास्त रिकामी वाटते, हे मी त्यांना सांगत नव्हते. त्यांनी विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं. माझे सगळे भाग संपले होते, मी ठेवते म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अन् तुले? एकटीले करमते का तिथं?"

"करमते ना, बाबा," मी लगेच म्हणाले. त्यावर पुढचा प्रश्न येणार नाही असं ते उत्तर होतं. पलीकडे त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"बाई, आंगठा नोको लावू," ते म्हणाले. "सही करून सांग."

मी खिडकीपाशी उभी होते. खाली घरमालकांच्या दाराला कुलूप होतं, बादलीत कपडे भिजत होते.

"नाही करमत," मी म्हणाले.