वादळात हरवलेली चिमणी

सलूनवाल्या काकांच्या खुर्चीवर लहान मूल बसवलं, की कात्री बघूनच ते भोकाड पसरायचं. शेवटी काकांनी एक युक्ती काढली. कात्री चालवता चालवता ते उंट आणि चिमणीच्या दोस्तीची गोष्ट सांगू लागले. चिमणी उंच उडून पाणी शोधायची, दमली की उंटाच्या पाठीवर बसायची. मुलं तोंडाचा आ वासून ऐकायची आणि केस कधी कापून झाले ते त्यांना कळायचंही नाही.

एकदा एका चिमुरडीचे केस कापून झाले, पण गोष्टीतली चिमणी वादळात हरवलेलीच होती.

"चल, उतर आता," तिला घेऊन आलेले आजोबा म्हणाले.

"चिमणी सापडल्याशिवाय मी नाही उतरणार!"

"अगं, पण कापायला केस कुठे उरलेत?" काका हसले.

"मग आजोबांचे कापा!"

आजोबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तरी ते नातीला मांडीवर घेऊन ऐटीत खुर्चीवर बसले. काकांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि त्या चकचकीत डोक्यावर, हवेतच, कात्री कचकच चालवली. चिमणी उंटाच्या कानात झोपलेली सापडली, तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा टाळ्या पिटल्या त्या आजोबांनी.