डझनभर मतांचं गाव

“डझनभर माणसं! अख्ख्या गावाच्या नावानं डझनभरच माणसं मत द्यायची, अन् ती बी जमीनदारानं नेमल्याली. डब्लिनच्या पार्लमेंटातलं दोन्ही मेंबर ह्येच्या खिशात. वर्सानुवर्सं विलेक्शनच न्हाई. भांडाण न्हाई, तंटा न्हाई!”

“दत्तूदादा, मी कॉलेजचं विचारतेय,” मीनाक्षी म्हणाली.

कॉलेजचा विषय निघाला की दत्तप्रसाद आयर्लंडला पळायचा. गडी आमच्या वाळव्याकडचा. सिडनीत पोरांची जत्रा लोटली होती, त्या लोंढ्यात इतिहास शिकायला आला. प्रबंधाला घेतला आयर्लंडातला हा कधीच बंद झालेला मतदारसंघ. सकाळी युनिव्हर्सिटी, दुपारनंतर वेंटवर्थव्हिल उपनगरात शिरीषच्या हॉटेलात कांदे चिरायचे. बोली तेवढी सोडली नाही.

शिरीष हॉटेलवाला, अन् एका कुकरी कॉलेजात पोरं भरणारा एजंटही. त्या कॉलेजात शिकवायला धड किचन नव्हतं. मीनाक्षी तिथलीच. किचनसाठी भांडायचं म्हणून ती विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभी राहिली. समोर शिरीषचा मेव्हणा.

“तुझं ऐकते ती. बसव तिला,” शिरीष दत्तूला म्हणाला.

दत्तूच्या गावची पंचायत कायम बिनविरोध. त्याचा त्याला कोण अभिमान! त्यानं मीनाक्षीला गाठलं. “परमुलखात आपसात कशाला झुंजायचं? घे अर्ज मागं.” तिनं घेतला. दत्तूनं भाड्याच्या घरातल्या सगळ्या पोरांना लाडू वाटले. मेव्हणा बिनविरोध निवडून आला, अन् किचनसाठी एकदाही भांडला नाही. वर्ष सरायच्या आत, धड किचन नाही म्हणून सरकारनं कॉलेजला कुलूप लावलं.

“कॉलेजवाले म्हणतायत, कुणाची तक्रारच नव्हती,” हॉटेलाच्या किचनात कांद्यांच्या ढिगापाशी उभी मीनाक्षी म्हणाली. “उद्या पॅरामॅटाला आमच्या भरपाईची मीटिंग आहे. मी किचनसाठी उभी होते आणि मला बसवलं कुणी, एवढंच येऊन सांग. नाहीतर माझं सगळं वर्ष बुडालं.”

दत्तूनं आतल्या दाराकडं बघितलं. शिरीष गल्ल्यावर होता.

“उद्या शिफ्ट हाय गं.”

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. “तुझा तो मतदारसंघ बंद झाला, तेव्हा भरपाई कुणाला मिळाली?”

“मालकाला.”

“आणि गावाला?”

“गावाला कशाची? गावाचं हुतंच काय त्यात?”

“सगळं पाठ आहे तुला,” म्हणाली आणि मागच्या दारानं स्टेशनकडं चालू लागली.

दत्तू तिच्यामागं दारापर्यंत गेला. पायरी काही उतरला नाही.

“दत्ता, ग्रेव्हीचं काय झालं?” आतून शिरीष ओरडला.

“आलो, आलो,” म्हणत दत्तूनं पुढचा कांदा फळीवर घेतला.