लागलं काय?

नर्सरीत हात मातीत असतात, तोंड मोकळं असतं. पिशवीत माती भरता भरता कुणीतरी म्हणतं, "वहिनी, त्या मामांच्या कोयींचं काय झालेलं?" आणि एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. असे इतके साठलेत की भरलेल्या पिशव्या मोजून होतात, किस्से होत नाहीत. मी सातवी पास. लिहायची सवय वाण्याच्या यादीपुरती. पण बायका म्हणाल्या, "लिहून ठेव गो एकदा, दर वेळी निराळं सांगतेस!" म्हणून बसले. हसण्यासारखं वाटेल तिथं हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं, तेवढं मात्र लक्षात ठेवा.

*

आमचे हे पोफळीला पॉवरहाऊसमध्ये होते. डोंगराच्या पोटात काम. आत गेलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळायचं नाही. पण राहायला क्वार्टर, नळाला पाणी, चोवीस तास लाइट आणि चार पावलांवर दवाखाना. आमची रंजू अशक्त होती. दोन वर्षांची व्हायला आली तरी हात धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. मला त्या दवाखान्याचा मोठा आधार होता.

ह्यांचा जीव मात्र कलमांत! शिफ्ट संपली की क्वार्टरच्या मागे तुपाचे रिकामे डबे घेऊन बसायचे. आंब्याची कोय रुजवायची, कोवळा कोंब आला की तो कापायचा, त्यावर चांगल्या हापूसची काडी बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून टाकायचं. दोन्ही एकजीव झाले तर कलम लागलं. नाही तर काडी काळी पडते.

एक दिवस हे सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागायला गेले. साहेब म्हणाले, "अहो, लोक नोकरी लागावी म्हणून माझ्या दारात उभे राहतात. आणि तुम्ही कलम लागावं म्हणून नोकरी सोडताय?"

हे म्हणाले, "सोडत नाही साहेब. पट्टी जरा सैल करतोय!"

आमचं ठरलं ते असं. खेडच्या वाटेवर ह्यांचं गाव, तिथं सासूबाई, घर, कातळाला लागून थोडी जमीन आणि विहीर. सहा महिन्यांत कलमं लागली तर तिथंच नर्सरी घालायची. नाही लागली तर परत पोफळी.

मी मान हलवली. पण देवापुढं दिवा लावताना मनात म्हणाले, "नको लागू देऊ."

*

मे महिन्यात आम्ही गावी आलो. कोयी हव्यात म्हणून मी प्रत्येक लग्नाला जात होते. पंगतीत रायवळ आंबे असायचे. पंगत उठली की मी घमेलं घेऊन पत्रावळींतून चोखलेल्या कोयी वेचायची.

एका लग्नात माझ्या मामांनी बघितलं. मला मांडवाबाहेर नेलं. त्यांचे डोळे भरले होते. "बाय, जावयांची नोकरी गेली काय? घरात खायला नाय तर मला सांगायचंस. उष्टं कशाला गो उचलतेस?"

"मामा, खायला नाही. रुजवायला!"

त्यांना पटलं नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जून संपता संपता मामा गोणपाटाचं ओझं खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभे. "ऐंशी बाठे हायत. सगळे मी नि मामीनं चोखलेत. मामीचं पोट बिघडलं, पण बाठे धुतलेत मात्र लख्ख!"

*

दाढीच्या ब्लेडनं काप सरळ येतो. त्यामुळे घरातलं प्रत्येक ब्लेड कलमांना गेलं आणि ह्यांची दाढी छातीकडे निघाली. शेजारची काकी सासूबाईंना म्हणाली, "वैनी, पोरगा बैरागी झाला काय ओ?"

सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "झाला असता तर बरा. भिक्षा तरी आणली असती!"

*

रंजूला घेऊन आम्ही चिपळूणला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला काट्यावर बसवलं, डोळे बघितले आणि म्हणाले, "हिला खाल्लेलं अंगाला लागत नाहीये."

हे खिडकीबाहेर झाडाकडे बघत होते. पटकन म्हणाले, "पाणी जास्त होत असेल. चार दिवस सावलीत ठेवायला हवं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मुलीला?"

येताना एसटीत मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले. रंजू मांडीवर झोपली होती, कापसासारखी हलकी. गाव जवळ आलं तेव्हा हे हळूच म्हणाले, "ऐकलं होतं गं मी सगळं. ऐकवत नव्हतं, म्हणून झाडाकडे बघत होतो."

*

डॉक्टरांनी औषध दिलं आणि महिन्यानं वजन करायला सांगितलं. महिना कोण थांबणार? मी रोज सकाळी रंजूला वाण्याच्या तराजूत बसवायची. शेवटी वाणी म्हणाला, "वहिनी, कालचीच ना ही? मिठाची गोणीसुद्धा कुणी इतक्यांदा तोलत नाय!"

तीच माझी गत कलमांशी. माडाच्या झापांच्या मांडवाखाली तीनशे कलमं बांधून ठेवली होती. लागू नये म्हणून देवाला सांगितलं ती मीच, आणि लागलं की नाही ते बघितल्याशिवाय चैन न पडणारीही मीच! हे विहिरीवर गेले की मी जाऊन एकेक पट्टी सोडायची, वाकून बघायची, परत बांधायची. आज ही ओळ, उद्या ती.

तीनशेच्या तीनशे काड्या काळ्या पडल्या.

हे मांडवात बसून राहिले. आपलेच दोन्ही तळवे पुढे धरून बघत म्हणाले, "हातच वाईट माझा." जेवताना तेच, झोपताना तेच.

गंगारामतात्या बघायला आले. गावातले जुने कलमवाले, ह्यांचे गुरूच म्हणा. हे आत पाणी आणायला गेले, तेव्हा तात्यांनी एक मेलेलं कलम माझ्यापुढं धरलं. "गो, ही गाठ त्याची नाय. ही पोरीच्या झबल्याची गाठ हाय. मधीच पट्टी सोडली की काडी मरते."

मी ह्यांची चाहूल घ्यायला दाराकडे बघितलं.

"तू सांगतेस, का मी सांगू?"

"मी सांगते, तात्या."

आठ दिवस झाले. सांगवलं नाही.

*

रजा संपायला दोन महिने होते, पण हे म्हणाले, "आत्ताच जाऊन हजर होतो. कशाला उगाच?" मला हवं होतं तेच होत होतं! नळ, लाइट, दवाखाना. मी ह्यांचे कपडे इस्त्रीला दिले. दाढीला नवं ब्लेड आणलं. रंजूला काखेत घेऊन चिपळूणच्या स्टँडपर्यंत सोडायलाही गेले.

पोफळीची गाडी लागली. ह्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि दांडा धरायच्या आधी परत तळव्याकडे बघितलं.

ते मला बघवेना. मी म्हणाले, "पट्ट्या मी सोडत होते."

"काय?"

"लागलं का बघायला. रोज."

"किती सोडल्यास?"

"सगळ्या."

मला वाटलं, आता स्टँडवर सगळ्यांदेखत ऐकावं लागणार. कंडक्टर मागून ओरडत होता, "ओ पाव्हणे, चढा नायतर उतरा!"

हे त्याच्याकडे वळले. दोन्ही हात त्याच्यापुढे नाचवत म्हणाले, "हात वाईट नाय माझा!"

कंडक्टर म्हणाला, "मग त्याच हातानं दांडा धरा की!"

हे उतरले. गाडी गेली. आम्ही तिथंच बाकावर बसलो. मग हे म्हणाले, "मामांच्या कोयी रुजल्यात. ऐंशी बांधतो. ती लागली तर राहू. नाही लागली तर मी परत पोफळीला जातो, आणि त्यानंतर कलमाचं नाव काढणार नाही. पण तू..."

"हात लावणार नाही."

"आणि हिलाही महिनाभर तराजू नाही."

मी रंजूला घट्ट धरलं. मग म्हणाले, "बरं."

*

ऐंशी कलमं बांधून झाली. मी मांडवाकडे गेले की हात पदरात गुंडाळून घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, "थंडी वाजते काय गो?" आता देवापुढं काय मागायचं तेही मला सुचेना. नुसता दिवा लावून उठायची.

विसावा दिवस. पावसानं उघडीप दिली होती. रंजूला मांडवाच्या कडेला गोणपाटावर बसवून मी भांडी घासत होते. सहज मान वर केली, तर रंजू उभी! कशाला धरलेलं नाही. माझ्याकडे पाठ करून पिशव्यांच्या ओळीकडे निघालेली. एक पाऊल. दुसरं.

धावत जाऊन धरावं असं वाटलं. माझे राखेचे हात तसेच उचलले गेले. पण मी जागची हलले नाही.

तिसरं पाऊल, चौथं, आणि धाडकन चिऱ्यावर पडली. आजवर आई-बाबापलीकडे न बोललेली पोर, कळवळून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "लागलंऽऽ!"

हे विहिरीमागे होते. कळशी टाकल्याचा आवाज आला आणि अनवाणी धावत आले. "लागलं? कुठलं लागलं? कुठल्या ओळीतलं?"

सासूबाई पडवीतून किंचाळल्या, "अरे मेल्या, पोरीला लागलं!"

मी नुसतं बोट दाखवलं. रंजूच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. पडता पडता तिनं एक पिशवी कवटाळली होती, आणि त्या पिशवीत, पट्टीच्या वर, काडीच्या टोकाला उंदराच्या कानाएवढं तांबूस पान होतं.

हे तिथंच चिखलात बसले. दोघांना एकदमच उचललं.

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून गंगारामतात्यांची हाक आली, "काय रे ओरडताव? लागलं काय?"

"लागलं!" आम्ही सगळेच म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं रंजू.