एक वावर सोडून

प्रयागबाईंची मेंढरं ज्या वावरात बसतात तिथलं पुढचं पीक डोळ्यांत भरतं, हे पेठेत कुणालाही विचारा. वावर रिकामं झालं की कळप दोन-चार रात्री तिथं मुक्कामाला ठेवायचा, लेंडीखत आपसूक पडतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो. गेली सहा वर्षं मात्र त्या आमच्या चुलत सासऱ्यांचं, सोमाजीअण्णांचं वावर वगळतात. त्याच्या चारी बाजूंना कळप बसवतात, तेही धान्य न घेता.

सहा वर्षांपूर्वी अण्णांनीच त्यांना बोलावलं होतं. फवारणी झाली असेल तर मेंढपाळाला आधी निरोप द्यायचा, एवढं तर इथलं पोरही जाणतं. अण्णांनी दिला नाही. काढणीनंतर वावरात उरलेली कांद्याची पात खाऊन एकोणीस मेंढरं मेली. अण्णा तेव्हापासून म्हणत आले की कळपाला रोग होता. प्रयागबाई भांडल्या नाहीत. त्यांना फक्त अण्णांच्या तोंडून खरं हवं होतं.

परवा दुपारी त्या माझ्याकडे चहाला आल्या. अण्णा आधीच खुर्चीत होते. त्यांना पाहूनही त्या उंबऱ्याशी टेकल्या. माझी लेक सृष्टी अवसरीच्या कॉलेजातल्या वादसभेसाठी टीव्हीवर जुना विज्ञानपट बघत होती. शास्त्रज्ञ लोखंडाचा माणूस घडवतो, नकोसा झाल्यावर जिवंतपणी पुरतो. तो वर येतो आणि शहरातले दिवे गल्ली गल्लीनं विझवत जातो. शास्त्रज्ञाचं घर तेवढं उजळलेलं ठेवतो.

सृष्टीचं म्हणणं, त्याला शहरावर सत्ता हवी होती. अण्णा हसले. यंत्राला कसला आलाय हेतू, वायरी जळल्या असतील, असा त्यांनी निकाल दिला.

"वायरी जळल्या असत्या, तर तेच एक घर कसं वगळलं असतं?" प्रयागबाईंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "राज्य नकोय त्याला. समद्यांनी त्या उजेडातल्या घराकडं बघावं आन् इचारावं, ह्यानं काय केलंय म्हणून."

मी चहा गाळायची थांबले. मग कप भरून दोघांपुढे ठेवले. यंदा अण्णांच्या वावरात कांदा सुपारीएवढाच राहिला होता, बांधापलीकडे मुठीएवढा. बाजारात लोक कारण विचारत होते.

"मग त्या शास्त्रज्ञानं करावं तरी काय?" अण्णांनी विचारलं.

"काय केलं ते चार माणसांत सांगावं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, सृष्टीकडे पाहिलं. "मेंढरं यायच्या आदल्या दिशी फवारलं व्हतं," ते म्हणाले. "मला ठावं व्हतं. सांगितलं तर कळप येणार न्हाई, खत हातचं जाईल, म्हणून बोललो न्हाई."

प्रयागबाईंनी कप उचलला, शांतपणे चहा संपवला. अण्णांनी हळूच विचारलं, मग औंदा बसवता का मेंढरं?

"न्हाई."

सृष्टीला राहवलं नाही. "आजी, तुम्हीच तर म्हणालात, त्यानं सांगावं."

"त्यानं काय करावं ते सांगितलं, बाय. मी काय करीन ते कुठं सांगितलं?"

मला वाटलं होतं, त्या निदान डोळे तरी पुसतील. त्यांनी कप विसळून पालथा घातला, पदर खोचला आणि निघाल्या. संध्याकाळी अण्णांच्या बांधाला लागून, पलीकडच्या वावरात, त्या स्वतः कळप बसवायची जाळी ठोकत होत्या.