कॅन्ससचं मॅटिनी आणि नागपूरचा पीपी नंबर

"लाँग वीकेंडला आई कॅन्ससला बोलावतेय," डेल म्हणाला. "गावातल्या थिएटरला तिच्या आवडीचं ते जुनं पिक्चर लागलंय. तुला दाखवायचंय म्हणते."

मी हो म्हणून टाकलं. चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. मी मिनेसोटात एमएस करत होते, ईडन प्रेरीत एका मराठी मावशींच्या बेसमेंटमध्ये राहत होते, आणि जूनमध्ये डेल आणि मी कोर्टात लग्न करणार होतो. डेलची आई जपानी, वडील अमेरिकन आर्मीतले. युद्धानंतर टोकियोत भेटलेले. डेलने घरी सांगितलं होतं. मीही नागपूरला कळवलंय, असं मी डेलला सांगितलं होतं.

कळवलं नव्हतं. डिसेंबरपासून उद्या लिहू, उद्या लिहू चाललं होतं.

तुम्ही हा रस्ता करणार असाल तर सोपा आहे. आय-३५ धरायचा, कॅन्सस सिटीपर्यंत सोडायचा नाही, मग आय-७०ने पश्चिमेला. तेव्हा पंचावन्न मैलांचं स्पीड लिमिट होतं, त्यामुळे आयोवा संपता संपत नाही. थंडीत जाणार असाल तर गाडीत ब्लँकेट आणि फावडं ठेवा. आम्हाला दोन्ही लागलं. डे मॉइनच्या अलीकडे एका डायनरमध्ये थांबलो. माझ्यासारख्या व्हेजिटेरियनला तिथे ग्रिल्ड चीज आणि अ‍ॅपल पाय एवढंच, पण तीन डॉलरमध्ये पोट भरलं.

"तुझी आई नक्की काय म्हणाली?" अ‍ॅपल पाय खाता खाता डेलने विचारलं.

"विचार करतेय."

"दोन महिने?"

"आमच्याकडे वेळ लागतो रे."

तो हसला. मी माझी प्लेट त्याच्याकडे सरकवली.

मिझूरीच्या हद्दीवर मोटेलमध्ये झोपलो, शनिवारी दुपारी पोचलो. मिचिको म्हणजे डेलची आई, माझ्या खांद्याला लागेल एवढी, जाड स्वेटर घातलेली. मी दारातच बूट काढले, तेव्हा तिने आधी माझ्या पायांकडे आणि मग डेलकडे पाहिलं. जेवायला भात आणि मुळ्याचं लोणचं होतं. वाढून घेताना माझ्या तोंडून 'काकू' निघून गेलं. तिने अर्थ विचारला, म्हणाली, "चालेल. तेच म्हण."

रविवारी एकचं मॅटिनी. पन्नासच्या दशकातलं पिक्चर. कडक इस्त्रीचा अमेरिकन ऑफिसर, लाकडी पूल, कागदी छत्री, आणि जपानी हिरोइनच्या जागी डोळ्यांच्या कडा ताणून बसवलेली गोरी नटी. गाणारा ऑर्केस्ट्रा, धुकं, मिठ्या. प्रेक्षकांत नाक ओढल्याचे आवाज.

"मी अठरा महिने आर्मीकडे लग्नाच्या परवानगीचे फॉर्म भरत होतो," डेलचे वडील फ्रँक कुजबुजले. "या बाबाने अजून एकही भरला नाहीये."

"तू दिसायलाही असा नव्हतास," काकू म्हणाल्या.

"युनिफॉर्म होता ना."

"तो बरा होता."

मागच्या बाईने 'श्श' केलं. पडद्यावर हिरोइन पुलावरून धावत निघाली. काकू हळूच म्हणाल्या, "दोन तास झाले. हिने आईला एक पत्र तरी लिहिलं का?"

बाहेर पार्किंगमध्ये वारा कानात घुसत होता. काकूंनी माझा हात धरला.

"मी लिहिलं. मुलाच्या आईने आधी लिहायचं असतं, आमच्यात तशी रीत आहे. तुझ्या आईला तीन आठवड्यांपूर्वी एअरमेल केलं. पत्ता डेलने दिला."

"तुला सरप्राइज," डेल म्हणाला.

मनात हिशोब सुरू झाला. तीन आठवडे म्हणजे पोचलं. कदाचित नाही. इंडियन पोस्ट उशीर करतं, प्लीज करू दे.

"काकू," मी म्हटलं, "घरी माहीत नाहीये. मी सांगितलंच नाही."

डेल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला गेला. काच स्वच्छ झाली तरी खरवडत होता.

"तुझ्या घरी फोन आहे?" काकूंनी विचारलं.

घरी नव्हता. पीपी नंबर होता, शेजारच्या देशपांडेकाकांचा. संध्याकाळी आठला, म्हणजे नागपूरची सकाळ पकडून, ऑपरेटरकडून कॉल लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा काका ओरडले, "थांब, बोलावतो!" मग चपलांचा आवाज, आईचा श्वास.

"आई, एक पत्र आलंय का?"

"हो. मंगळवारी."

"वाचलंत?"

"दोघांनी."

"मी सांगणार होते. रागावलीस?"

"इकडे थंडी कमी झालीये आता."

देशपांड्यांचं अख्खं घर भोवती उभं असणार, हे मला तेव्हा कळलं.

"आई, फक्त हो-नाही म्हण. बाबा चिडलेत?"

"जेवण कमी झालंय त्यांचं."

"माझ्याशी बोलतील?"

"नाही." मग आवाज खाली आला. "त्या बाईंनी लिहिलंय, मुलीने कळवलंच असेल. आम्ही रोज पोस्टमनची वाट बघतोय, तुझं पत्र आधी निघालं असेल म्हणून."

लाइन कटली. काकूंनी रिसीव्हर माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला.

परतीच्या रस्त्यात मिझूरीभर डेल रेडिओचं स्टेशन बदलत राहिला. आयोवात म्हणाला, "लग्नाला हो म्हणालीस, तेही असंच?"

"नाही."

"मला कसं कळणार?"

मी खिडकीबाहेर बघितलं. आय-३५वर इतकं सपाट आहे की नजर लपवायला झाडसुद्धा मिळत नाही.

तीन आठवड्यांनी बाबांचं पत्र आलं. चार ओळी. मुलाची जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ कळव.

"अगं, पत्रिका बघतायत म्हणजे चांगलंच की," घरमालकीण मावशी म्हणाल्या.

"किंवा जुळत नाही म्हणून कळवायची सोय."

"ते पण आहे म्हणा."

काकूंना फोन केला. वेळ त्यांना पाठ होती: टोकियोचं आर्मी हॉस्पिटल, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. कशाला हवीये ते मी सगळं सांगितलं, नकाराच्या सोयीसकट.

"वेळ थोडी बदलून लिहिली तर जुळेल का?" काकूंनी विचारलं. चेष्टेने की कसं, कळलं नाही.

"नको. खरीच लिहिते."

त्या ट्रिपमधलं पिक्चर मी जवळपास विसरले. कुणी विचारलं तर रस्त्याचं आणि अ‍ॅपल पायचं सांगते. राहिला तो पार्किंगमधला काच खरवडल्याचा आवाज. अजून कुठे ऐकला तर मी बोलायची थांबते.

बाबांना जन्मवेळ लिहिली. खाली लिहिलं: पत्रिका जुळली नाही तरी जूनमध्ये लग्न करतेय. तुम्ही दोघांनी यावं असं फार वाटतं. घाबरले म्हणून आधी सांगितलं नाही.

डेलला एकेक ओळ इंग्लिशमध्ये करून वाचून दाखवली.

"खरंच हेच लिहिलंयस?"

"मावशींना विचार. त्यांना मराठी येतं."

तो कागद घेऊन खरंच वर गेला. मी बेसमेंटच्या पायरीवर बसून राहिले. दहा मिनिटांनी खाली आला, पेन मागितलं, आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.