आत्याबाईंनी त्या वर्षी घट बसवला नाय

घटस्थापनेचा दिवस व्हता, डिंगोऱ्यात आमच्या घरी. साल नीट आठवत नाय, पण नव्वद उलटून गेलं व्हतं एवढं खरं.

माझ्या सासूबाई... त्यांना आमी आत्याबाई म्हणायचो. घट दरवर्षी त्याच बसवायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नायत. त्या वर्षी सकाळीच म्हणाल्या, "सुमन, यंदा तू बसव."

शेजारच्या बाया लगेच सुरू, "मान दिला गं सुनेला! आता तूच कारभारीण." काम माझ्याच अंगावर पडलं म्हणा, पण मी पण खूश.

दोन-तीन दिवसांनी मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. आत्याबाई देवाच्या खोलीत येतच नव्हत्या, उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायच्या. आन् रोज मला सांगायच्या, तांदूळ धुतलेलं पाणी ओतू नको, मला दे...

आता आमच्याकडं बाया तांदळाचं धुवण कशाला पितात? अंगावर पांढरं जात असंल तर. 'उष्णता झाली' म्हणायचं आन् धुवण प्यायचं, झालं औषध.

मला आडून आडून बोलायला जमत नाय. गोठ्यात गाठलं आन् सरळ विचारलं, "आत्याबाई, अंगावर जातंय का?"

"हळू बोल की, सटवे!" आधी चिडल्या. मग शेणाची पाटी खाली ठेवली आन् डोळ्याला पदर लावला.

पाळी जाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली व्हती. आन् आता आखाडापासनं पाणी जात व्हतं... लालसर, घाण वासाचं. "नातवंडं खेळवायच्या वयात मला परत इटाळ आला गं. कुणाला सांगू? आन् असल्या अंगानं देवीला कशी शिवू?"

सगळा पावसाळा ती बाई एकटी भीत व्हती... आन् आमी मान मिळाला म्हणून हरखलेलो.

मी म्हटलं, "उद्या नारायणगावला चला." त्या म्हणाल्या दसरा होऊ दे. मी म्हटलं, "नाय. उद्या. देवी घटात बसलीय, ती कुठं जात नाय." घरात सांगितलं, गुडघे दाखवायला चाललोय.

डॉक्टर बाईच व्हती, ते बरं झालं. टेबलावर पडल्यावर आत्याबाईंनी तोंडावर पदर ओढून घेतला. मग पदराखालनं त्यांचा हात बाहेर आला, माझा हात शोधत... मी धरला. लग्न होऊन आले तवापासनं आमी भांडलो लई, पण हात कधी धरला नव्हता.

डॉक्टर म्हणाली, "आजी, हा इटाळ नाही. पाळी बंद झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच यायचं." पिशवीच्या तोंडाला गाठ व्हती. त्यातला तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला.

कॅन्सर निघाला... पण सुरवातीचा. आता गुडघ्याचं सोंग चालणार नव्हतं, मालकांना खरं सांगितलं. पुण्याला जायच्या दिवशी ते आईच्याही आधी तयार होऊन दारात उभे.

ऑपरेशन झालं, पिशवी काढली, आत्याबाई बऱ्या झाल्या. आन् बऱ्या झाल्या तशी त्यांची लाज पार गेली. कांद्याच्या लावणीला बाया ओळीनं बसल्या की आत्याबाईंचं सुरू.

"थोडं पांढरं सगळ्यांनाच जातं गं. पाळीच्या मधी बुळबुळीत जातं, त्याला वास नाय, खाज नाय, त्याला भ्यायचं नाय. पण दह्यावाणी पडाय लागलं, खाज सुटली, हिरवंपिवळं झालं, मासळीवाणी वास आला, ओटीपोट दुखाय लागलं... तर धुवण पीत बसू नका, दवाखाना गाठा. आन् म्हाताऱ्यांनो, तुमी लाल दिसलं तर थांबूच नका!"

गडी माणसं बांधावरनं लांब पळायची. आमी हसून हसून रोपं वाकडी लावायचो. पण त्यातल्या दोघी-तिघी नंतर हळूच येऊन विचारायच्या, आत्याबाई, ती डॉक्टर कुठं बसती?

लई वर्षं जगल्या पुढं. गेल्या त्या म्हातारपणानंच.

परवा सकाळी चहा पिताना माझी सून म्हणाली, "आई, दोन दिवस झाले खाज सुटलीय, वास पण येतोय. दवाखान्यात जाऊन येते." सर्दी झालीय सांगावं तसं. माझा मुलगा समोरच बसला व्हता. तो म्हणाला, "चल, मी सोडतो."

मी म्हटलं, "मग बसलाय काय, निघा!"

ती दोघं गेल्यावर कप इसळता इसळता आत्याबाईंची लई आठवण आली... ह्या घरात हे असं चहावर बोलता येतं, ती त्यांचीच कमाई.