नऊ निनावे

१९५९ च्या दिवाळीनंतर मी मंगळावर नऊ माणसं मारली. मारली म्हणजे नागपुरात, तांडापेठेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून, चहा पीत पीत मारली. तोपर्यंत माझ्या हातून धड माशीही मेलेली नव्हती.

मी ईश्वरदास पराते. जातीनं कोष्टी, पण मागावर बसलो की सूत तुटायचं आणि सूत तुटलं नाही तर मला झोप लागायची. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि विणकर सोसायटीच्या सूतभांडारात मला चिकटवून दिलं. विणकरांना सुताचे गठ्ठे काढून देणं हे माझं काम. उरलेला वेळ जांभयांचा होता. त्या जांभयांतूनच मी लेखक झालो.

इतवारीत भांड्यांच्या गल्लीत दत्तोपंतांचा छापखाना होता. ते लग्नपत्रिका छापत आणि उरल्या कागदावर एक साप्ताहिक काढत. त्या भादव्यात रशियानं चंद्रावर यंत्र नेऊन आदळलं. पानठेल्यावर जो तो चंद्राच्या गप्पा मारू लागला, तेव्हा दत्तोपंत मला म्हणाले, "पराते, काहीतरी शास्त्रीय लिहा. चंद्र आता जुना झाला, जरा पुढचं पाहा." मी मंगळ घेतला. मंगळाबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. तो तांबडा असतो आणि पत्रिकेत वाईट असतो. एवढ्या भांडवलावर मी 'मंगळाची सरहद्द' ही क्रमशः कादंबरी सुरू केली.

मंगळावर माणसं जाऊन दोनशे वर्षं झाली, असं मी पहिल्याच अंकात ठोकून दिलं. मग उत्तर मंगळ आणि दक्षिण मंगळ अशी दोन राज्यं केली आणि मधे एक कोरडा कालवा टाकला. राजकारण म्हणाल तर मी फक्त आमच्या सोसायटीच्या सभा पाहिल्या होत्या, त्यामुळे मंगळावरही तसंच चाले. उत्तरेच्या फौजेनं पहाटे कालव्यावरच्या चौकीवर हल्ला केला, तेव्हा दक्षिणेच्या मंत्रिमंडळाची सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली. संरक्षणमंत्र्यांनी सदर विषय पुढील सभेत घ्यावा अशी सूचना मांडली. सेनापतीनं राजीनामा दिला, तो दप्तरी दाखल झाला. विरोधी पक्ष घोषणा देत सभात्याग करून गेला, पण सगळ्यांच्या डोक्यावर काचेचे टोप असल्यामुळे घोषणा कोणालाच ऐकू आल्या नाहीत. शेवटी प्रधानमंत्र्यांनी उपस्थितांचे आभार मानले आणि चौकशी समिती नेमली. लोकांना वाटलं, पराते विनोद करतो. मी अगदी गंभीरपणे लिहीत होतो.

त्याच सुमारास खऱ्या वर्तमानपत्रांतही उत्तरेच्या सरहद्दीवरच्या बातम्या येऊ लागल्या. दत्तोपंत खूश झाले. आमचा अंक पेठेत मोठ्यानं वाचला जाऊ लागला. माग थांबवून बायामाणसं ऐकत, आणि मी आपला सहज गेल्यासारखं दाखवून दाराशी उभा राही.

हल्ल्यानंतरच्या अंकात मी सरकारी पत्रक दिलं होतं. 'चौकीवरील नऊ निनावी शिपाई ठार.' छापखान्यात वेलांटीच्या जागी मात्रा पडली आणि छापून आलं, 'चौकीवरील नऊ निनावे शिपाई ठार.'

दुसऱ्या कोणत्या गावात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण तांडापेठेत निनावे आडनावाची एकवीस घरं होती. रविवारी सकाळी त्यांतली निम्मी माणसं आमच्या ओट्यासमोर उभी राहिली. पुढे बाबाराव निनावे. ते त्या घराण्याचे वडीलधारे, आणि माझ्या दुर्दैवानं आमच्या सोसायटीचे पंचही.

"काहून गा ईश्वर," ते म्हणाले, "आमच्या खानदानीनं तुयं काय बिघडवलं? नऊच्या नऊ निनावे? एक पराते नाही मेला तिथं?"

"छापखान्याची चूक झाली जी. निनावी होतं ते. म्हणजे बिननावाचे."

"म्हंजे आम्ही बिननावाचे?"

मी जितकं समजावत गेलो तितका खोलात गेलो. संध्याकाळी मारुतीच्या पारावर त्यांची सभा झाली. लेखकाचा निषेध, दुरुस्ती छापण्याची मागणी, आणि मागणी मान्य होईपर्यंत अंकावर बहिष्कार, असे तीन ठराव झाले. मंगळावरच्यापेक्षा ही सभा कितीतरी शिस्तीत पार पडली. लष्करी कारवाई म्हणून कोणीतरी माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. पुढच्या अंकात दुरुस्ती आली आणि मला वाटलं, तह झाला.

त्या शिष्टमंडळात एक निनावे मात्र नव्हत्या. जनाबाई. बाबारावांच्या धाकट्या भावाची विधवा, त्यांना ती भासरे म्हणे, म्हणजे मोठे दीर. पन्नाशीची बाई, पण अख्ख्या पेठेत तिच्यासारखे नऊवारीचे काठ कोणी विणत नसे. तिचा एकुलता एक मुलगा बाबन. आम्ही एका वर्गात होतो आणि दोघंही एकाच वर्षी नापास झालो. बाबन फौजेत होता, उत्तरेला कुठेतरी. कुठे ते त्याला लिहिण्याची परवानगी नव्हती. महिन्याला त्याचं एक पत्र येई आणि ते मी जनामावशीला वाचून दाखवी. शेवटचं पत्र पोळ्याला आलं होतं. दिवाळी होऊन गेली. तिनं करंज्या केल्या आणि डब्यात तशाच झाकून ठेवल्या.

सोमवारी ती सूत न्यायला भांडारात आली. गठ्ठा हातात घेतला आणि उभीच राहिली.

"ते नऊ जण कोण होते गा ईश्वर?"

"कोणी नाही मावशी. गोष्ट आहे ते. छापखान्यानं घोळ केला."

"गोष्ट आहे ते समजते मले. मी अडाणी आहो, येडी नाही. पण निनावी म्हंजे काय? शिपायाले नाव नसते?"

"नाव असते. पण सरकारनं सांगितलं नाही, म्हणून निनावी."

"मंग त्यायच्या मायले कसं समजन?"

मी तिच्या गठ्ठ्याची नोंद वहीत केली. ती गेल्यावर मी मागचे अंक काढून पाहिले. प्रधानमंत्र्याला मी नाव दिलं होतं. सेनापतीला दिलं होतं. सेनापतीच्या कुत्र्यालाही दिलं होतं. मेलेल्या नऊ जणांना नाव दिलं नव्हतं, कारण नऊ नावं शोधायचा मला कंटाळा आला होता. पुढे मी लोकांना सांगत असे की त्यात राजकीय मर्म होतं. मर्म कसलं, निव्वळ आळस होता. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

म्हणून ठरवलं की चौकशी समितीचा अहवाल दडपला जातो आणि विरोधी पक्षाचा पुढारी भर सभागृहात काचेचा टोप काढून नऊच्या नऊ नावं वाचतो. टोप काढल्यावर मंगळावर श्वास कसा घेणार, हा प्रश्न दत्तोपंतांनी विचारला. मी म्हटलं, नऊ नावं वाचण्यापुरता दम धरतो. त्यांनी लगेच चौकट टाकली, 'पुढील अंकात हुतात्म्यांची नावे!'

आणि माझ्या दारात रांग लागली. गेल्या महिन्यात नऊ निनावे मेले म्हणून माझी हवा सोडणारी माणसं आता म्हणू लागली, एक तरी निनावे पाहिजेच. धकाते आले, हेडाऊ आले, सोनकुसरे आले. प्रत्येकाला आपल्या घरचा एक हुतात्मा हवा होता, मंगळावरचा का होईना. एकानं तर आपल्या मेलेल्या आजोबाचं नाव सुचवलं, आणि तो माणूस जन्मात जवळच्या मौद्याच्या पलीकडे गेला नव्हता.

आठ नावं मी कशीबशी वाटून दिली. नववं मागायला बाबाराव स्वतः भांडारात आले.

"आमच्या खानदानीत फौजी एकच. बाबन. त्याचंच नाव टाक. बाबन निनावे. कसं शोभून दिसन!"

"बाबाराव, तो जिवंत आहे जी."

"मंगळावर मेल्यानं माणूस मरते का गा? आन् ध्यानात ठेव, पुढल्या महिन्यात पंचांची सभा आहे."

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मलाही कळलं नाही. अशा माना हलवण्यात माझी हयात गेली आहे.

तासाभरानं जनामावशी आली. अर्धवट विणलेलं लुगडं मागावर टाकून, भर दुपारी. असं तिनं कधी केलं नव्हतं. मागावरून उठताना कमरेला बांधलेला पदर सोडायचंही तिला सुचलं नव्हतं.

"ईश्वर, त्याचं नाव नको टाकू. भासरे मोठे हायेत, त्यायले मी नाही म्हणू शकत नाही. तू म्हण. तीन महिने झाले, पोराचं पत्र नाही. त्या यादीत त्याचं नाव मोठ्यानं वाचतीन, आन् मी आयकू?"

आता खरं सांगायला हरकत नाही. १९५३ साली बाबन आणि मी दोघंही कामठीला भरतीला गेलो होतो. डॉक्टर म्हणाला, छाती फुगवा. बाबननं फुगवली. माझी पाळी येईपर्यंत मी रांगेतल्या लोकांच्या लढाईतल्या मरणाच्या गप्पा ऐकल्या होत्या, त्यामुळे मी होता नव्हता तेवढा श्वास सोडून दिला. अर्ध्या इंचानं मी कमी पडलो. घरी येऊन सांगितलं, नशीब नाही. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी नववं नाव लिहिलं. ईश्वरदास पराते.

दत्तोपंत हस्तलिखित वाचून म्हणाले, "अहो, तुम्हीच मेलात तर पुढचे अंक कोण लिहिणार?" पण त्यांनी छापलं, आणि एक अंक मी बाबनला फौजेच्या पत्त्यावर धाडला.

पेठ चिडली. "सोतालेच हुतात्मा करून घेतलं, बेशरम!" असं बाबाराव पारावर म्हणाले, आणि पंचांच्या सभेत माझी कुहीच्या शाखेत बदली झाली. कुहीला धान भरपूर आणि विणकर तीन. मी आठवडाभर तिथे राही आणि रविवारी घरी येई. पण खरी गंमत बदलीच्या आधीच घरात झाली होती. माझी माय रुखमाबाई माझ्या प्रत्येक अंकाला हसत असे. या अंकात शेजारच्या यमुताईनं मोठ्यानं माझं नाव वाचलं, तशी माय उठली, ते पान फाडलं आणि चुलीत घातलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही की धड जेवली नाही. मी समोर जिवंत बसलो होतो, तिच्याच हातची भाकर खात होतो, तरी. तिसऱ्या दिवशी जनामावशी येऊन तिच्याजवळ बसली. दोघी तूर सोलत राहिल्या. माझ्या साऱ्या लिखाणात तो एकच शब्द कोणाला तरी खरोखर लागला होता, आणि तो मी कोणाला लागावा म्हणून लिहिलाच नव्हता.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी बाबनचं पत्र आलं. मावशी ते उघडं घेऊन धावत आली. अक्षर बाबनचं नाही, एवढं तिलाही कळलं होतं. मी वाचलं.

"माय, मी खुशाल आहो. दवाखान्यात आहो. थंडीनं दोन बोटं गेली, उजव्या हाताची, म्हणून इतके दिवस लिहिता नाही आलं. हे बाजूच्या खाटेवाल्याकडून लिहून घेतलं. मार्चात सुट्टी भेटन. ईश्वरले सांगजो, त्यानं धाडलेला अंक भेटला. त्याचं नाव आयकून आमचा अख्खा वार्ड हासला. मंगळावर तरी भरती झाला म्हणाव. आन् एक काम सांगजो. माझ्या तंबूतला गडी होता, केवलसिंग. आम्ही संग होतो, बर्फाची दरड आली, मी निघालो, तो नाही निघाला. लढाई नव्हती, म्हणून त्याचं नाव कोणत्याच पेपरात आलं नाही. ईश्वर नावं छापते तर त्याचं एक छापून टाकन म्हणाव."

मावशीनं पदर तोंडाशी धरला. हसत होती, रडत होती. "अजून वाच," म्हणाली. मी पुन्हा वाचलं. दोन बोटं आली तशी तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, "आठ हायेत ना. मागावर धोटा फेकता येते आठानं." तिसऱ्यांदा वाचताना मी केवलसिंगाशी आलो आणि माझ्यातला लेखक जागा झाला. मी म्हटलं, "मावशी, काळजी नको करू. याच अंकात टाकतो. पहिल्या पानावर, चौकटीत."

तिनं माझ्या हातातून पत्र काढून घेतलं.

"त्याले माय आहे का गा?"

"पत्रात लिहिलं नाही, मावशी."

"मंग बाबनले विचार. आधी तिले पत्र लिहू, मंग पेपरात टाकजो."